काळ्या मातीच्या मुलखात गाडीचा रंग

दसरा अथवा पाडवा समीप आला, कर्जाची मंजुरी हाती पडली, डिझेल की पेट्रोल हा वाद एकदाचा मिटला आणि सात आसनांत आजीपासून नातवापर्यंत सर्वांची सोय होते अशी खात्री पटली, म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातील कोणत्याही सुखवस्तू कुटुंबात नव्या एसयूव्हीचे प्रकरण जिथे येऊन अडते ती जागा रंगाची असते. इंजिनाविषयी मत देण्यास घरातील एखाददुसराच इसम स्वतःला लायक समजतो. रंगाविषयी मात्र सर्वांना मताधिकार असतो, आणि तो सर्वजण बिनदिक्कत बजावतात. थोरला मुलगा काळ्यासाठी हटून बसतो, सूनबाईंना लाल हवा असतो, ‘काळी नको बाप्पा’ एवढे म्हणून आजी आपल्यापुरता निकाल देऊन मोकळी होते. कंपनीच्या रंगपत्रिकेत ‘एव्हरेस्ट व्हाइट’, ‘नापोली ब्लॅक’, ‘डीप फॉरेस्ट’ अशी एकापेक्षा एक भारदस्त नावे असतात. परंतु वैशाखातील वणीच्या रस्त्यावर त्या रंगाचे काय होणार याचा तपशील तीत नसतो.

आजीचा नकार शकुन-अपशकुनातून आलेला असला तरी पदार्थविज्ञान तिच्याच बाजूने उभे आहे. संक्रांतीच्या थंडीत काळी चंद्रकळा नेसण्यामागे उष्णता शोषून घेण्याचा जो गुण आहे, तोच गुण मे महिन्यात, पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास असताना, कचेरीसमोर उघड्यावर उभ्या केलेल्या काळ्या गाडीत दुर्गुण ठरतो. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेच्या संशोधकांनी एकाच बनावटीच्या एका काळ्या व एका चंदेरी गाडीवर उन्हात प्रयोग करून 2011 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत काळ्या गाडीचे छत चंदेरी गाडीच्या छतापेक्षा पंचवीस अंश सेल्सियसपर्यंत अधिक तापले, आणि आतील हवेत पाच ते सहा अंशांचा फरक पडला. पांढरा रंग या बाबतीत चंदेरीच्याच पंक्तीत बसतो. लहान मूल मागील आसनावर असता पाच अंश ही क्षुल्लक बाब नव्हे.

धुळीचा प्रश्न मात्र इतका सरळ नाही. कारण या जिल्ह्यात धूळ एका रंगाची नाही. कपाशीच्या शेतांची काळी माती वाळली म्हणजे राखेसारखी करडी होऊन उडते. रस्त्याचे रुंदीकरण चालू असेल तिथे तांबूस मुरूम अंगावर येतो. आणि वणीकडे गेल्यास कोळसा वाहणाऱ्या ट्रकांमागून जाताना बारीक काळी भुकटी काचांच्या फटींतही शिरते. गडद गाडीवर करडी धूळ तासाभरात दिसू लागते, पांढरीवर कोळसा व पावसाळ्यातील चिखल दिसतो. करडा आणि चंदेरी हेच काय ते दोन रंग या सर्वांना थोडेफार पोटात घालतात. चिखलापुरती पांढऱ्या रंगाची एक तजवीज निर्मात्यांनीच केलेली आहे: चाकांच्या कमानींभोवती व दारांच्या तळाशी जी काळी, रंग न दिलेली प्लॅस्टिकची पट्टी असते, ती काळ्या मातीचे पुष्कळसे शिंतोडे आपल्यावर घेते.

तथापि धुळीपेक्षा ती पुसण्याची आपली रीत अधिक घातक. सकाळी कोरडे फडके घेऊन गाडी झटकणारा माणूस धुळीचे कण रंगावरून घासत नेतो, आणि त्यातून सूक्ष्म ओरखड्यांची जी वर्तुळाकार जाळी उमटते, ती काळ्या गाडीवर उन्हात दुरूनही दिसते, पांढरीवर जवळ जाऊनही सहसा दिसत नाही. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने धुऊन गाडी उन्हात वाळू दिली, की गडद रंगावर उमटणारे पांढरे ठिपके याच कुळातले.

हे सारे घडते ते अतिशय पातळ आवरणात. पत्र्यावर प्रथम गंज रोखणारा थर विजेच्या साहाय्याने बसवितात, त्यावर अस्तर, त्यावर प्रत्यक्ष रंग, आणि सर्वांत वर पारदर्शक लेप. या सर्वांची मिळून जाडी सुमारे एक दशांश मिलिमीटर भरते. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे, तर पर्ल रंगात अभ्रकाचे चपटे कण मिसळलेले असतात, आणि ते कोणत्या कोनात स्थिरावले यावर झळाळी अवलंबून असते. म्हणूनच बाजाराच्या दिवशी एखाद्या दुचाकीने दार खरवडले, की गॅरेजमधील पेंटरला साधा पांढरा मिळविणे तुलनेने सोपे जाते. चंदेरीचे एक दार शेजारच्या दारापेक्षा निराळे दिसणार नाही अशी हमी मात्र निष्णात कारागीरही जपूनच देतो. तीन थरांच्या पर्ल पांढऱ्याची दुरुस्ती त्याहून खर्चाची. शोरूममध्ये पर्लसाठी जादा पैसे मोजणाऱ्या गृहस्थाने हा पुढचा खर्चही हिशेबात धरलेला बरा.

सुरक्षिततेचीही एक बाजू आहे. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या 2007 सालच्या अभ्यासात दिवसाच्या उजेडात काळ्या गाड्यांच्या अपघाताचा धोका पांढऱ्यांपेक्षा बारा टक्के अधिक आढळला, करड्यांचा अकरा आणि चंदेरींचा दहा. ऑस्ट्रेलियाचे रस्ते निराळे हे खरे. पण ज्या रस्त्यावर कापसाची बैलगाडी, ट्रॅक्टर आणि उलट दिशेने येणारी दुचाकी एकाच वेळी भेटतात, तिथे चटकन नजरेत भरणे कमी महत्त्वाचे कसे ठरेल?

म्हणून माझे मत साध्या, पर्ल नसलेल्या पांढऱ्याकडे झुकते. ज्यांचा नित्याचा प्रवास कोळशाच्या पट्ट्यातून आहे, त्यांनी करडा घेतल्यास त्यांना दोष देता येणार नाही. पांढऱ्याविरुद्धचा एकमेव सबळ आक्षेप म्हणजे लग्नाच्या मांडवाबाहेर पांढऱ्या गाड्यांच्या रांगेत आपली ओळखू येत नाही, हा, त्यासाठी एम.एच. 29 पुढील आकडे पाठ करण्यावाचून इलाज नाही.

मागाहून रंग बदलू, असा विचार कोणाच्या मनात असल्यास त्याने हे ध्यानी घ्यावे, की गाडीचा रंग नोंदणीपत्रात लिहिलेला असतो आणि तो बदलताना परिवहन कार्यालयाच्या दफ्तरी तशी नोंद करून घ्यावी लागते. त्यातही ऑलिव्ह हिरवा रंग केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या 121 व्या नियमान्वये संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव असल्याने खाजगी इसमास त्याची मुभा नाही. आणि गाडी निश्चित करण्यापूर्वी ती शोरूमच्या दिव्यांखालून बाहेर, भर दुपारच्या उन्हात उभी करण्याचा आग्रह विक्रेत्याकडे जरूर धरावा; घरातील सर्व मतदार त्या वेळी हजर असतील तर उत्तम.