हिवतापाचा चाबूक

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांच्या मधून वैनगंगा वाहते. तिच्या पात्रात डोंगा वल्हवणारा नावाडी तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्याने वल्हे थांबवले तरी डोंगा थोडा पुढे सरकतो. हा जडत्वाचा परिणाम. आता हा डोंगा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा झाला अशी कल्पना करा. मग काय होईल?

वल्हे थांबताच तो जागच्या जागी थांबेल! असे का? लांबी 10 पट कमी केली, तर वस्तुमान 1000 पट कमी होते. पण त्याच वेगाला श्यानतेमुळे होणारा पाण्याचा विरोध सूक्ष्म आकारात केवळ 10 पट कमी होतो. म्हणून सूक्ष्मजीवांना पाणी घट्ट काकवीसारखे भासते. तेथे वल्हे पाण्यातच पुढे नेऊन त्याच वाटेने मागे आणले, तर पुढे गेलेला डोंगा तेवढाच मागे येईल. भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड पर्सेल यांनी 1977 साली आपल्या निबंधात हे सुंदर रीतीने मांडले.

निसर्गाने यावर काढलेला तोडगा म्हणजे कशाभिका. 'कशा' म्हणजे चाबूक. या चाबकातून लाट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाते. ती आल्या वाटेने परतत नाही, म्हणून पाणी एका दिशेला लोटले जाते आणि जीव दुसऱ्या दिशेला सरकतो. जिवाणूंची कशाभिका मात्र मळसूत्रासारखी असते आणि मुळाशी असलेल्या सूक्ष्म चक्रीमुळे गरगर फिरते.

या चाबकाचा आपल्या जंगलभागाशी जवळचा संबंध आहे. 6 नोव्हेंबर 1880 रोजी अल्जीरियात फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हरां हिवतापाच्या रुग्णाचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. अचानक एका गोल कणातून बारीक धागे निघून वळवळू लागले. हिवतापाचा परजीवी सापडला! ते धागे म्हणजे परजीवीची नर युग्मके होती. एरवी हा खेळ डासाच्या पोटात चालतो. माणसाच्या रक्तापेक्षा तेथे तापमान कमी असते. ही थंडावा आणि डासाच्या शरीरातील एक रसायन, या दोन इशाऱ्यांनी सुमारे 15 मिनिटांत एका नर पेशीपासून 8 युग्मके तयार होतात. चाबूक हलवत ती मादी युग्मकाकडे पोहतात. हा प्रवास फसला, तर त्या डासापासून हिवताप पुढे पसरत नाही.

गडचिरोलीने हिवतापाचा त्रास वर्षानुवर्षे सोसला आहे. म्हणून एक गोष्ट ध्यानात ठेवा. ताप उतरला तरी परजीवीच्या नर आणि मादी पेशी रक्तात काही दिवस टिकू शकतात. तेव्हा डॉक्टरांनी दिलेली औषधे अर्ध्यावर सोडू नका, आणि रुग्णालाही मच्छरदाणीतच झोपवा. ती मच्छरदाणी त्याच्याबरोबर साऱ्या गावाचे रक्षण करते; कारण डासाला रक्तच मिळाले नाही, तर तो चाबूक कधी हलणारच नाही.