आसऱ्याची जागा आधीच ठरवा
वसई-भुईगाव पट्ट्यातील व्यापारी व कारागिरांसाठी

भुईगाव हे वसईच्या पश्चिम पट्ट्यातील समुद्रकाठचे गाव. पश्चिमेस अरबी समुद्र व सुरूची झाडे, आसपास सखल खाजण जमीन. वादळाची सूचना आली की या पट्ट्यातील दुकानदार, शिंपी, सुतार व वेल्डिंगवाले यांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो 'मालाचे काय?' हा. 'माणसांनी जायचे कुठे?' हा प्रश्न मागे राहतो आणि शेवटी घाईत जी जागा सुचेल तिकडे लोक निघतात. आमच्या मते हा क्रम उलटा हवा. जागा पावसाळ्यापूर्वीच ठरलेली असावी.

संकट दोन, आसरेही दोन

वारा आणि पाणी ही दोन वेगळी संकटे आहेत. एकासाठी चांगली जागा दुसऱ्यासाठी चांगली असेलच असे नाही.

वादळात किनाऱ्यापासून आत जाणे महत्त्वाचे. पत्र्याचे गाळे, कौलारू घरे, मोठी झाडे, जाहिरातींचे फलक व विजेचे खांब यांपासून दूर, पक्क्या स्लॅबच्या इमारतीत आसरा घ्यावा. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले. पण आधीचा इशारा हरिहरेश्वरपासून दमणपर्यंतच्या किनाऱ्याला होता, म्हणजे वसईही त्यात होती. वादळ नेमके कुठे धडकणार हे अखेरपर्यंत बदलू शकते, म्हणून इशारा आलेल्या प्रत्येक गावाने हलणे शहाणपणाचे. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' वादळ तर समुद्रातूनच गुजरातकडे गेले, तरी वसई-विरारमध्ये झाडे पडली व वीज गेली.

अतिवृष्टीत मात्र आत जाण्यापेक्षा वर जाणे महत्त्वाचे. वसई तालुक्याच्या उत्तरेस वैतरणा खाडी, दक्षिणेस वसई खाडी, पश्चिमेस समुद्र. मोठ्या भरतीच्या वेळी जोराचा पाऊस झाला तर पाण्याला बाहेर पडायला वाट मिळत नाही. जुलै २०१८ मध्ये हेच घडले. नालासोपाऱ्याजवळ रेल्वेमार्ग पाण्याखाली गेला, गाड्या थांबल्या आणि वसईच्या मिठागरातील शेकडो लोक पाण्याने वेढले गेले. 'स्टेशनवर जाऊ, पुढे मुंबई गाठू' असे ज्यांनी ठरवले असेल, त्यांचा बेत तिथेच संपला असणार. म्हणून आसरा दूरचा नको. पायी, लहान मुले व वडीलधाऱ्यांसह जाता येईल इतका जवळ हवा, आणि वाटेत खाजण, नाला किंवा सखल रस्ता नको.

उंच म्हणजे सुरक्षित नव्हे

काही जण म्हणतील, मग डोंगराकडे जावे. जुलै २०२२ मध्ये वसई पूर्वेला राजिवलीच्या वाघरळपाड्यात दरड कोसळून बापलेकीचा जीव गेला. उतारालगतची जागा पावसात आसरा ठरत नाही.

मजबुती न पाहता कोणत्याही उंच इमारतीवर भरवसा ठेवू नये. ऑगस्ट २०२५ मध्ये विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळून १७ जण मरण पावले. भेगा पडलेली, ओल धरलेली, धोकादायक यादीतील इमारत सोडून द्यावी.

शाळा, मशीद, मदरसा, चर्चचा हॉल, समाजमंदिर यांपैकी पक्की, दुमजली आणि पाणी व शौचालयाची सोय असलेली वास्तू निवडावी. स्त्रियांसाठी वेगळी खोली आहे का, किल्ली कोणाकडे असते, रात्री ती कोण उघडेल, हे आजच विचारून ठेवावे. भुईगावसारख्या गावात आसरा सर्वांचा मिळून असतो. ख्रिस्ती व हिंदू शेजाऱ्यांशी, तलाठी व महापालिकेशी आधीच बोलणे झालेले बरे.

मालाचे काय?

२२ जुलै २०२१ रोजी चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचे पाणी शिरले व २००५ च्या पुरापेक्षाही वर चढले. जुन्या पुराच्या खुणेवर विसंबून माल वरच्या फळीवर ठेवणे पुरेसे नाही, हा त्याचा धडा. आणि पाणी चढू लागल्यावर माल हलवायला थांबणे हे जिवावर बेतू शकते.

म्हणून हे काम सूचना येताच, कोरड्यातच उरकावे:

१. गिऱ्हाइकाचा माल आधी. शिवायला आलेले कापड, दुरुस्तीला आलेले यंत्र ही अमानत आहे. ती नावाच्या चिठ्ठीसह वरच्या मजल्यावर न्यावी.

२. उधारीची वही, परवाने, पासबुक व जमिनीचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सोबत घ्यावेत.

३. मोटार, शिलाई यंत्राचे डोके, हातची अवजारे उचलता येतील तेवढीच उचलावीत. जड यंत्राची वीज मुख्य स्विचपासून बंद करावी, गॅसचा सिलिंडरही बंद करावा.

४. मालाची यादी व फोटो ठेवावेत. नुकसान झाल्यास पंचनाम्याला हाच आधार असतो.

५. कामगार व शागिर्दांना जागा दाखवून ठेवावी. परगावचा कारीगर गाळ्यातच झोपत असेल, तर त्याची जबाबदारी मालकावर आहे.

हवामान खात्याचा नारंगी किंवा लाल इशारा, किंवा प्रशासनाची सूचना, हीच निघण्याची वेळ. अंधार पडण्यापूर्वी निघावे. अडचणीत ११२ किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ क्रमांक लावावा. परतण्याची घाई करू नये. यंत्रे तपासून घेतल्याशिवाय वीज सुरू करू नये.

तवक्कुल म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे. माणसाने आपली तयारी करावी, मग अल्लाहवर भरवसा ठेवावा. बुडालेला माल मेहनतीने पुन्हा उभा करता येतो; गेलेला माणूस परत येत नाही. या जुम्याच्या नमाजनंतर मोहल्ल्यातील चार दुकानदारांनी एकत्र बसून दोन जागा ठरवाव्यात, एक वाऱ्यासाठी व एक पाण्यासाठी, आणि घरच्यांना त्या दाखवून आणाव्यात, एवढीच आमची विनंती.