ज्वारीच्या लाह्यांची पौष्टिक वडी

नागपंचमी आली की वऱ्हाडात घरोघरी ज्वारीच्या लाह्या फुटत असत. पुढे कापूस व सोयाबीन यांच्या रेट्यात ज्वारीचा पेरा घटला, आणि शाळेत जाणाऱ्या मुलाच्या हाती बिस्किटाचा पुडा आला. शहरांत ओट, सुका मेवा व मध यांच्या वड्या ‘ग्रॅनोला बार’ या नावाने चढ्या भावाने विकल्या जातात. तशीच वडी अमरावती-अकोल्याकडील शेतकरी कुटुंबास घरच्या धान्यातून करता येते. मात्र तीत घालावयाचा दाणा निकोप हवा.

प्रथम भुईमुगाविषयी. ओलसर राहिलेल्या शेंगांत वाढणारी एक हिरवट-पिवळी बुरशी अफलाटॉक्सिन नावाचे विष निर्माण करते. ते यकृतास घातक असून भाजल्याने पुरते नाहीसे होत नाही. शिवाय गुळाच्या गोडीत दाण्याचा कडवटपणा झाकला जातो. म्हणून सुरकुतलेले, काळपट व बुरशीचे दाणे भाजण्यापूर्वीच निवडून टाकावे. दुभत्या जनावरांसही ते घालू नयेत, कारण विषाचा अंश दुधात उतरतो. चांगला दाणा बाजारात आणि निवडून उरलेला घरात, ही आपली रीत निदान येथे तरी सोडावी.

खरिपाची ज्वारी काढणीच्या वेळी पावसात सापडून काळी पडली असल्यास तीही घेऊ नये. तापलेल्या दाण्यातील ओलाव्याची वाफ होते, कठीण सालीच्या आत दाब वाढतो व लाही फुटते. साल भंगलेली किंवा किडीने पोखरलेली असल्यास वाफ निसटून जाते व गणंग तेवढे उरतात. फार सुकलेल्या ज्वारीस थोडे पाणी चोळून काही तास फडक्यात बांधून ठेवावे. नंतर कढई चांगली तापवून मूठमूठ ज्वारी टाकावी व फडक्याच्या बोळ्याने हलवीत राहावे. गणंग चाळून काढावे.

चार वाट्या लाह्यांपैकी निम्म्या जाडसर कुटाव्या. त्यामुळे वडी घट्ट बांधली जाते. त्यांत भाजून भरडलेले शेंगदाणे एक वाटी, भाजलेले तीळ अर्धी वाटी व भाजलेले जवस पाव वाटी मिसळावे. एक वाटी चिरलेला गूळ चमचाभर तुपात व थोड्या पाण्यात कढवावा.

पाकाची पारख अनुभवानेच येते. एका गावी प्रात्यक्षिकात आमच्या वड्या थापल्या, पण कापताच भुगा झाला. तेथील एक वृद्ध बाई आधीच म्हणाल्या होत्या, “सायेब, पाक कच्चा हाये, अजून कढू द्या.” आम्ही ऐकले नव्हते. पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकल्यावर त्याची घट्ट गोळी झाली पाहिजे. मग लगेच मिश्रण घालून तूप लावलेल्या ताटात दाबून थापावे व कोमट असतानाच वड्या पाडाव्या.

गूळ झाला तरी ती साखरच आहे. मधुमेह असणाऱ्यांनी ही वडी औषध समजून खाऊ नये, व मुलांसही दिवसास एक पुरे. अगदी लहान मुलांच्या घशात दाणा अडकण्याची भीती असते, त्यांना लाह्यांचे पीठ दुधात कालवून द्यावे. वड्या पूर्ण निवल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भराव्या. पावसाळ्यात त्या लवकर सादळतात व जवसामुळे खवटही होतात; तेव्हा आठवड्यास पुरतील इतक्याच कराव्या.