रान तोडलं म्हणजे कुरण झालं?

कोकणात घर बंद पडलं की मागचं वरकस दहा-पंधरा वर्षांत रानाखाली जातं. मग गुरं पाळायचं मनावर घेतलेला वारसदार थेट जेसीबीवाल्याला फोन लावतो. घाई इथेच नडते.

‘जमीन माझी, मग झाडंही माझीच.’ सातबारावर नाव असलं तरी हे खरं नाही. 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्यात साग, ऐन, किंजळ, खैर, हिरडा, जांभूळ, अगदी आंबा-फणससुद्धा अनुसूचित आहेत. मालकालाही ती विनापरवाना तोडता येत नाहीत. शिवाय 1975 च्या कायद्याने खासगी वनं सरकारजमा झाली. तशी नोंद आपल्या गटावर आहे का, ते आधी बघावं. 12 डिसेंबर 1996 च्या गोदावर्मन प्रकरणातल्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने तर मालकी कोणाचीही असो, शब्दकोशातल्या अर्थाने जे वन ते वनच, असं धरलं. त्यामुळे ‘काही होत नाही हो’ या तोंडी भरवशावर कुऱ्हाड उचलू नये.

‘घाणेरी कापली की संपली.’ उलट ती दाट होते. खोड मुळांना मिळतं तिथल्या गाठीवरून नवे फुटवे येतात. दिल्ली विद्यापीठाच्या सी. आर. बाबूंनी सुचवलेला उपाय साधा आहे: कुदळीने माती बाजूला करायची, गाठीच्या खाली मुळं तोडायची आणि झुडूप उलटं करून ठेवायचं. हे काम फळं धरण्याआधी करावं, कारण बी पाखरं नेतात. पुढची काही वर्षं मोठ्या झाडांखाली नवी रोपं उपटत राहावी लागतात. कंटाळवाणं आहे खरं, पण घाणेरी पोटात गेली तर गुरांचं यकृत बिघडतं, कावीळ होते आणि उन्हात कातडी सोलवटते.

‘वणवा लावला की गवत जोमाने येतं.’ हे अर्धंच खरं. कोवळे हिरवे कोंब दिसतात, पण नत्र धुरात जातं, उघडी माती पहिल्या पावसात ओहोळाला लागते आणि जळक्या जागेवर वाऱ्याने आलेली रानमोडी बस्तान मांडते.

‘सगळं सपाट केलं तर चारा जास्त.’ जेसीबी झुडपांबरोबर वरची कसदार मातीही ओढून नेतो. उतारावर चार झाडं अंतराअंतराने राखली, तर माती धरून राहते, गुरांना सावलीही मिळते.

शिवाय दाट सावलीखालच्या मातीत गवताचं बी फारसं उरलेलं नसतं. म्हणून पहिल्या पावसाळ्यात टाकळाच माजतो. तो फुलण्याआधी कापावा आणि पावसाच्या सुरुवातीलाच मारवेलचे ठोंब लावावेत. त्या वर्षी गुरं आत सोडू नयेत. गवत विळ्याने कापून गोठ्यात घालावं.