गाल उजळला, म्हणजे नेमकं काय झालं?

हाताच्या त्वचेवर औषधाचा थेंब लावायचा, झाकून ठेवायचा आणि काही तासांनी ती जागा किती फिकट पडली ते पाहायचं. स्टेरॉइड मलमांची ताकद जोखण्याची ही साधी चाचणी मॅकेन्झी आणि स्टॉटन यांनी 1962 साली मांडली. बारीक रक्तवाहिन्या आकसतात म्हणून त्वचा फिकटते. जितकी फिकट, तितकं औषध जहाल. मी थक्क होते ती इथे! नाक्यावरच्या मेडिकलमधून आणलेल्या स्टेरॉइडच्या ट्यूबने चार दिवसांत चेहरा उजळतो, तेव्हा आपण नकळत तीच चाचणी स्वतःच्या गालावर करत असतो.

आणि गाल म्हणजे हात नव्हे. फेल्डमन आणि मायबाख यांनी 1967 मध्ये हायड्रोकॉर्टिझोन कुठून किती आत शिरतं ते मोजलं. कोपरापुढच्या हाताला एक धरलं, तर कपाळातून सहापट आणि जबड्याच्या कोपऱ्यातून तेरापट!

आत शिरलेला रेणू पेशीच्या केंद्रकात जाऊन जनुकांचं काम बदलतो. दाह आणणारे पदार्थ बनेनासे होतात. इसबाने गांजलेल्याला हे वरदानच आहे. पण कोलॅजनही कमी बनतं. महिनोन्‌महिने लावलं की त्वचा कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ होते, लाल केशवाहिन्या वर दिसू लागतात, मुरमं येतात, गालावर लव वाढते. मलम थांबवलं की आवळलेल्या रक्तवाहिन्या एकदम फुलतात. चेहरा लालबुंद होतो, आग होते, उन्हात जाववत नाही. घाबरून पुन्हा तेच मलम लावलं की बरं वाटतं, आणि माणूस त्यातच अडकतो.

2011 साली प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या 12 केंद्रांच्या पाहणीत, चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2,926 रुग्णांपैकी 433 जण अशी मलमं वापरत होते. निम्म्याहून अधिक जणांना ती डॉक्टरांनी सुचवलेलीच नव्हती. कुणा ओळखीच्याने, दुकानदाराने सांगितली होती. मार्च 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी 14 स्टेरॉइड्स चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असं ठरवलं.

म्हणून घरातली ट्यूब आजच वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी नाव दिसलं आणि ती कित्येक आठवडे चेहऱ्यावर लागत असेल, तर स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. ती ट्यूब पिशवीत घाला आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.