सोमवारचा गैरहजर

माझ्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा दर सोमवारी गैरहजर असायचा. मंगळवारी यायचा तोही सुकलेल्या तोंडानं. शेवटी एका सोमवारी शाळा सुटल्यावर मी त्याच्या घरी गेलो. पोरगा खाटेवर पडलेला, डोळे खोल गेलेले.

आजी म्हणाली, "पोट साफ राहाले पायजे नं जी गुरुजी! दर आइतवारी रात्री सोनामुखीचा काढा देतो आम्ही दोघाही पोराईले. याले पाचदा जा लागते, अन् याच्या बहिणीले काहीच होत नाही."

भांडं एक, काढा एक, घोटही सारखाच. मग भाऊ खाटेवर आणि बहीण अंगणात लंगडी खेळतेय, असं का?

याचं अर्धं उत्तर सोनामुखीत आहे आणि अर्धं आपल्या मोठ्या आतड्यात. जंतू म्हटलं की आपण नाक मुरडतो. पण मोठ्या माणसाच्या शरीरात अंदाजे ३८ लाख कोटी जिवाणू राहतात, आणि त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात! सगळे मिळून वजन भरेल पाव किलोच्या आत. आपण खातो त्यातलं जे आपल्याला पचत नाही, ते हे खातात.

सोनामुखीच्या पानात सेनोसाइड नावाची द्रव्यं असतात. ती साखरेच्या कणांशी घट्ट बांधलेली असतात. ही गाठ आपल्या पाचकरसांना सुटत नाही. म्हणून औषध जसंच्या तसं मोठ्या आतड्यात पोचतं. तिथले जिवाणू गाठ सोडतात, तेव्हा कुठे जुलाब करणारं खरं द्रव्य तयार होतं. रात्रीच्या काढ्याचा परिणाम सकाळी दिसतो तो यामुळेच. एरंडेलाचं तसं नाही बरं का! ते लहान आतड्यातच आपल्या पाचकरसांनी फुटतं, म्हणून लवकर पळायला लावतं.

जपानी शास्त्रज्ञांनी हे उंदरांवर तपासून पाहिलं. पोटात एकही जंतू नसलेल्या उंदरांना सेनोसाइड दिलं, जुलाब झाले नाहीत. ते फोडू शकणारा एकच जिवाणू त्यांच्या पोटात सोडला, आणि जोरदार जुलाब झाले.

त्या बहिणीला नुकत्याच तापासाठी प्रतिजैविकाच्या गोळ्या झाल्या होत्या, हे मला नंतर कळलं. अशा गोळ्यांनी आतड्यातले जिवाणूही मरतात. तेच कारण होतं असं मी ठामपणे म्हणणार नाही, पण शंका येतेच.

आपल्या जंगलातले हिरडा, बेहडा, आवळा घ्या. त्रिफळा चूर्ण याच तिघांचं. त्यांतल्या तुरट द्रव्यांपासूनही आतड्यातले जिवाणू नवी द्रव्यं बनवतात, आणि ती सगळ्यांच्या पोटात सारखी बनत नाहीत. पुणे जिल्ह्यातल्या वढू भागातल्या गावकऱ्यांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. वात, पित्त आणि कफ प्रकृतीच्या माणसांच्या आतड्यातले जिवाणू त्यात तपासले होते. बरेचसे सारखे निघाले, पण काहींत फरकही सापडला. शेजाऱ्याला लागू पडलेलं चूर्ण आपल्याला पडेलच, असं म्हणूनच नसतं.

आणि हा व्यवहार दुहेरी आहे. जिवाणू औषध बदलतात, तसं औषधही जिवाणूंची वस्ती बदलतं. काहींना वाढवतं, काहींना दडपतं. दर आठवड्याला जुलाब म्हणजे त्या वस्तीत दर आठवड्याला पूर! वर अंगातलं पाणी आणि मीठ जातं ते वेगळंच. "झाडपाल्यानं अपाय होत नाही" असं मोठी माणसं म्हणतात ना, ते मला मुळीच पटत नाही. जे गुण देतं, ते अपायही करू शकतं.

आजीला हे सगळं सांगत बसलो नाही. आधी पोराला जलसंजीवनीचं पाणी घोट घोट पाजलं आणि त्याला दवाखान्यात न्यायला लावलं. डॉक्टरांनी सोनामुखी बंद करायला सांगितली. आजी जरा रुसलीच. मग म्हणाली, "मंग त्या पोटातल्या जंतूईले खायाले काय देऊ जी?"

इतका नेमका प्रश्न मला वर्गातही कुणी विचारला नव्हता! मी म्हटलं, "पालेभाजी, उसळ, ज्वारीची भाकर, पेरू. त्यातला चोथा त्यांना फार आवडतो."

परवाच्या सोमवारी हजेरी घेताना मागच्या रांगेतून "हजर!" असा आवाज आला. दुपारी शाळेच्या खिचडीबरोबर वाटाण्याची उसळ होती. पठ्ठ्यानं दोनदा मागून घेतली.