चित्रातला अवकाश – लेखांक ६ : सिंता विदाल आणि अनेक ओळंब्यांची घरे

सिंता विदाल (जन्म १९८२, बार्सिलोना) यांच्या चित्रांतली घरे कुठल्याही जमिनीवर उभी नसतात. एकाची भिंत ती दुसऱ्याची फरशी, आणि ज्या जिन्याने एक जण वर चढतो त्याच जिन्याच्या पोटाकडून तिसरा निवांत चालत असतो. तरी कोणी बावरलेले दिसत नाही. माणसे वाचत असतात, खुर्चीत विसावलेली असतात, खिडकीतून बाहेर पाहत असतात. ‘गुरुत्वाकर्षणातून सुटलेल्या रचना’ अशा अर्थाचे नाव विदाल यांनीच या चित्रांना दिले आहे.

या दृष्टीचे मूळ त्यांच्या शिक्षणात सापडते. बार्सिलोनाच्या एस्कोला मासाना या कलाशाळेत त्या शिकल्याच. पण सोळाव्या वर्षापासून कास्तेल्स प्लानास या नेपथ्याच्या कारखान्यात जोसेप आणि जोर्दी कास्तेल्स यांच्या हाताखाली त्यांनी रंगभूमीचे पडदे रंगवले, ही उमेदवारी अधिक मोलाची. नेपथ्याच्या इटालियन परंपरेत पडदा जमिनीवर अंथरतात आणि लांब दांड्याच्या कुंचल्याने, उभ्याने रंगवतात. चित्रकार चित्राच्या चारही बाजूंनी, प्रसंगी चित्रावरूनच फिरतो. रंगवताना त्याच्यापुरती वरची बाजू अशी उरतच नाही. पडद्याचे काम हलके मानू नये. कोल्हापूरचे चित्रकार आनंदराव आणि बाबूराव पेंटर हेही नाटकांच्या पडद्यांवरूनच प्रथम नावारूपाला आले होते.

चित्रात ‘खाली’ कुठे आहे, हे डोळा बारीकसारीक खुणांवरून ठरवतो : लोंबणारा दिवा, वाळत घातलेले कपडे, खुर्चीचे पाय, माणसाची ठेवण. गवंड्याच्या ओळंब्याचे काम चित्रात या वस्तू करतात. विदाल एकाच इमारतीत दोन-तीन ओळंबे सोडतात. प्रत्येक कोपरा आपापल्या ओळंब्याला चोख धरून असतो, म्हणून कुठेही थांबले तरी तिथले जग खरेच वाटते. गोंधळ होतो तो नजर एका कोपऱ्यातून दुसऱ्यात सरकते तेव्हा.

इथे डच चित्रकार एशर आठवणे अपरिहार्य आहे. त्याच्या ‘रिलेटिव्हिटी’ (१९५३) या शिलामुद्रित चित्रात परस्परांशी काटकोनात असलेली तीन गुरुत्वाकर्षणे आहेत. यथार्थदर्शनाचे तीन लोपबिंदू त्यांना बांधून ठेवतात. त्यातल्या माणसांना चेहरे नाहीत. ती गणिती मांडणीचे घटक आहेत. विदाल यांच्या चित्रांतली माणसे मात्र आजची, ओळखीची, नेहमीच्या कपड्यांतली आहेत. एकाच घरात, एकाच गावात राहूनही प्रत्येकाचे जग निराळ्या दिशेने उभे असते, हे विदाल यांना दाखवायचे आहे. त्यांचे वेगळेपण या मानवी बाजूतच आहे. एशरकडून उचललेली क्लृप्ती एवढेच म्हणून हे काम बाजूला सारणे अन्यायाचे ठरेल.

त्यांची लहान चित्रे लाकडी फलकांवर असतात, आणि फलक फिरवून पाहता येतो. भिंतीचे तसे नाही. अमेरिकेतल्या लाँग बीचसारख्या शहरांत त्यांनी मोठी भित्तिचित्रे काढली आहेत. छोटा आराखडा कित्येक पटींनी वाढवायचा आणि लांबून दिसेल असा उतरवायचा, ही नेपथ्याची जुनी सवय तिथे कामी येते. भिंतीशेजारची खरी झाडे, खरे खांब आणि पायी जाणारी माणसे मात्र एकाच ओळंब्यात उभी असतात, त्यामुळे चित्रातली कललेली घरे अधिकच कललेली भासतात. तिथे चित्र फिरवता येत नाही. पाहणाऱ्यालाच मान वाकडी करावी लागते.